सत्यनारायणापासून अंत्येष्टीपर्यंत : माझा पौरोहित्याचा अनुभव

पौरोहित्य शिकायचं ठरवलं तेव्हा शाळेतल्या नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले होते, आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे दुसरं मुद्दाम सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे जिथे जिथे अडलं तिथे कारण बहुतेक तेच निघालं. बाईने पूजा सांगणं पुण्यात आता लोक पचवतात. विधवा बाईने मंगलाष्टकं म्हणणं अजून घशात अडकतं.

सिंहगड रस्त्यालगतच्या एका वस्तीत आमचा एकल महिलांचा गट आहे. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरायचे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायचे, रेशनकार्डावर नाव चढवून घ्यायचं, असलं आमचं काम. त्यातल्या एकीने धुणीभांडी करून खोली घेतली. वास्तुशांत करायची म्हणाली, तर पूजेला जोडपं लागतं, दीर-जावेला बसवा, असं तिला सांगण्यात आलं. खोली हिच्या पैशाची, हिच्या नावावरची, आणि संकल्प सोडणार दीर! ती मला म्हणाली, "बाई, तुम्हीच का नाही सांगत पूजा? तुम्हाला तर संस्कृत येतं."

शाळेत मी मराठीबरोबर संस्कृत शिकवायचे, एवढंच. सुभाषितं शिकवणं वेगळं आणि पूजा चालवणं वेगळं. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

या वाटेने जाणारी मी काही पहिली नाही. साईबाबांचे शिष्य उपासनी महाराज यांनी शिर्डीजवळच्या साकुरीला मुलींना वेदमंत्र आणि यज्ञ शिकवले, आणि १९४१ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या शिष्या गोदावरी माताजींनी ती परंपरा पुढे नेली. पुण्यात सत्तरच्या दशकात शंकरराव थत्ते यांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. पुढे पुण्यातल्याच ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने जात आणि स्त्री-पुरुष हा भेद न ठेवता पुरोहित तयार केले. आणि त्याच्याही कितीतरी आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटजींशिवाय पहिलं लग्न लावलं. वर्गातल्या काही जणींना फुल्यांचं नाव या यादीत रुचायचं नाही. मला वाटतं, ते नसते तर आमच्या वर्गात निम्म्या बायका दिसल्या नसत्या.

मी जिथे शिकले तो वर्ग छोटा, एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंनी घरी चालवलेला. पद्धत जुनी, संथेची. बाई एकदा म्हणणार, आम्ही दोनदा. आधी शांतिमंत्र आणि अथर्वशीर्ष, मग पुरुषसूक्त, श्रीसूक्त. पुस्तकात अक्षराखाली आडवी रेघ असली की स्वर खाली, वर उभी रेघ असली की वर. वाचायला सोपं आहे. म्हणताना साठीकडे झुकलेला गळा ऐकत नाही. श्वास कुठे घ्यायचा हे खरं शिक्षण. सगळ्यात रखडले ते पुण्याहवाचनात, म्हणजे कार्याच्या सुरुवातीला शुभाशीर्वाद मागायच्या विधीत. ते लांबलचक, त्यात प्रश्नोत्तरं, आणि पाठ असलं तरी हात दुसरीकडे चालू ठेवावे लागतात. पळीभर पाणी ताम्हनात सोडायचं, यजमानांना "उजव्या हातानं" म्हणून आठवण करायची, कलशावरचा नारळ डगमगतोय तो सावरायचा, आणि तोंडाने मंत्र तुटू द्यायचा नाही. बाई म्हणायच्या, मंत्र झोपेत म्हणता आले पाहिजेत, कारण लक्ष सगळं माणसांकडे लागतं.

हे अगदी खरं निघालं. मोठ्या पुरोहित ताईंबरोबर मदतनीस म्हणून जायला लागले तेव्हा कळलं की अर्धं काम यादीचं आहे. दर्भ आणले का, समिधा कोरड्या आहेत का, लग्नातल्या लाजाहोमात अग्नीला वाहायच्या लाह्या कुणी नाश्ता समजून संपवल्या तर नाहीत ना. हसू नका, हे होतं.

स्वतंत्रपणे पहिली पूजा सांगितली ती अर्थातच त्या खोलीची वास्तुशांत. यजमान एकटी ती. तिच्या नावाने संकल्प केला तेव्हा तिची सासू दारात उभी राहून ऐकत होती. काही बोलली नाही. प्रसादाला मात्र दोनदा हात पुढे केला.

सत्यनारायण, गणपती, बारसं यांना फार विरोध होत नाही. एखादी आजी हळूच "पाळीचं काय?" विचारते. माझ्या वयाला तो प्रश्न उरलेला नाही, पण माझ्याबरोबर शिकलेल्या तरुण मुलींना तो दर वेळी झेलावा लागतो, आणि मी त्यांच्या बाजूने भांडते.

लग्नाच्या वेळी खरी परीक्षा. एका मुलीने हट्टाने मला बोलावलं, तर तिच्या होणाऱ्या सासरहून निरोप आला की बाई चालेल, पण सवाष्ण असावी. मी त्यांना भेटायला गेले, आणि वाद न घालता ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पंच्याऐंशीवं सूक्त समोर ठेवलं. पाणिग्रहणाला वर म्हणतो ते "गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्" यातलंच, "इहैव स्तं मा वि यौष्टम्" हा आशीर्वादही यातलाच. या ४७ ऋचांची ऋषी सूर्या सावित्री, एक बाई. ज्या मंत्रांनी तुमची लग्नं लागतात ते बाईच्या नावावर आहेत, तर ते बाईने म्हटले तर बिघडलं कुठे? सासरे गप्प झाले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "ते वेदातलं राहू द्या, पण लोक काय म्हणतील?" शेवटी मुलगी अडून बसली म्हणून लग्न मी लावलं. वेदाने नाही, तिच्या हट्टाने जमलं. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि राज्य सरकारने त्याचा दाखला देत परिपत्रक काढलं, तेव्हा त्याचं कात्रण मी पोथीतच ठेवलं. अशा घरी गेले की सूक्ताच्या आधी तेच काढते. जास्त उपयोगी पडतं.

कायद्याचं विचाराल तर, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात दोघांपैकी एका पक्षाचे रूढ विधी आणि जिथे सप्तपदी असते तिथे सातवं पाऊल एवढं महत्त्वाचं. पुरोहित कोण असावा याची अट नाही. विवाह नोंदणीच्या नमुना ड मध्ये साक्षीदारांबरोबर पुरोहिताचं नाव आणि सही लागते. तिथे माझी सही चालते. खिडकीवरचे साहेब एकदा वर बघतात, मग शिक्का मारतात.

सगळ्यात कठीण अंत्येष्टी. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणींनी ती शिकून घेतली आणि केली मात्र नाही. मलाही घरून, माझ्या सख्ख्या भावाकडून, विरोध झाला. पण गटातली एक वारली, मागे दोन मुली, आणि दहा ठिकाणी फोन करून कुणी यायला तयार नाही. मी वैकुंठ स्मशानभूमीत गेले. विद्युतदाहिनी होती, वेळ थोडा. "सूर्यं चक्षुर्गच्छतु वातमात्मा" म्हटलं आणि मराठीत अर्थ सांगितला : डोळे सूर्याकडे जावोत, प्राण वाऱ्याकडे. मोठ्या मुलीने विधी केले. लग्नात माझं बोलणं कुणी ऐकत नाही, सगळे फोटोत असतात. तिथे प्रत्येक शब्द ऐकला गेला. तेव्हापासून मी या कामाला नाही म्हणत नाही.

दक्षिणेबद्दलही सांगते, कारण शिकायला येणाऱ्या बायका दबक्या आवाजात तेच विचारतात. पुरुषाला आकडा विचारतात; बाईला साडी-नारळ देऊन "तुमची सेवाच म्हणायची" म्हणतात. मी आकडा आधी सांगते, सामान कोण आणणार आणि रिक्षाभाडं कोण देणार तेही ठरवून घेते. गटातल्या बायकांकडून घेत नाही, अंत्यविधीचेही घेत नाही.

आता गटातल्याच दोघी माझ्याकडे शिकतात. एकीचं अथर्वशीर्ष झालं, पुण्याहवाचनात अडली आहे. दुसरी म्हणते, मला लग्नं नकोत, दहावं-तेरावंच शिकवा. वस्तीत त्यालाच माणूस मिळत नाही. तिला आधी ईशावास्य उपनिषद देणार आहे.