बाहीखालचा अंधार आणि घड्याळातली तारीख

औपचारिक पोशाखावर घालायचे घड्याळ आणि प्रकाशावर चालणारे यंत्र या दोन गोष्टींचे मुळात फारसे जमत नाही. रोजच्या वापरातले घड्याळ उन्हातान्हात हिंडते, त्यामुळे त्याला आपसूक पुरेसा प्रकाश मिळतो. समारंभाचे घड्याळ मात्र शर्टाच्या बाहीखाली आणि त्यावर कोटाच्या बाहीखाली दडलेले असते आणि कार्यक्रम आटोपला की डबीत बंद होऊन कपाटात जाते. त्यात कॅलेंडरची भर पडली की मामला अधिक नाजूक होतो. केवळ वेळ दाखवणारे घड्याळ थांबले, तर उजेडात ठेवून ते चालू झाल्यावर काटे फिरवले की काम झाले. परंतु वार, तारीख, महिना आणि लीप वर्ष यांचा हिशेब ठेवणारे घड्याळ पूर्ण थांबले, तर तो सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो. म्हणून असे घड्याळ निवडताना तबकडी डोळ्यांत भरली की नाही हे पाहण्याआधी, हे घड्याळ न घालण्याच्या दिवसांत कुठे राहणार आहे, हे स्वतःला विचारावे, असे माझे मत आहे.

ही घड्याळे चालतात कशी, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी निवड त्यावर अवलंबून आहे. तबकडीखाली सौरपट्टी असते. तबकडीतून झिरपणारा प्रकाश तिच्यावर पडतो, त्याची वीज होते आणि ती पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या एका लहान सेलमध्ये साठते. पुढचे यंत्र नेहमीचे क्वार्ट्झचेच असते, म्हणजे सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक, त्या कंपनांची मोजदाद करणारे मंडल आणि काटे ढकलणारी छोटी मोटर. सिटिझन कंपनीने १९७६ मध्ये काट्यांचे पहिले सौर घड्याळ बाजारात आणले, तेव्हा सौरपट्ट्या तबकडीवर उघड्या दिसत असत आणि त्या घड्याळाला औपचारिक म्हणणे अवघडच होते. पुढे प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या तबकड्या तयार होऊ लागल्या, पट्टी त्यांच्या आड गेली आणि मगच कोटाखाली शोभेल असे सौर घड्याळ शक्य झाले.

प्रकाश किती लागतो, याबाबत आपल्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. लक्स या प्रकाश मोजण्याच्या एककात भर दुपारचे थेट ऊन सुमारे एक लाख भरते, तर चांगला उजेड असलेल्या कार्यालयातले टेबल जेमतेम पाचशे लक्सच्या आसपास असते आणि संध्याकाळी घरातल्या दिव्यांखाली हा आकडा त्याहूनही बराच खाली उतरतो. आपल्या डोळ्यातली बाहुली लहानमोठी होऊन हा फरक झाकून टाकते, म्हणून खोली आपल्याला लख्ख वाटते. घड्याळाला ती तशी वाटत नाही. उन्हात काही मिनिटांत जे काम होते, त्याला खोलीतल्या दिव्याखाली तास लागतात. म्हणूनच घड्याळाच्या माहितीपुस्तिकेतला प्रकाशाचा तक्ता खरेदीपूर्वी अवश्य वाचावा. त्यात साधारणपणे प्रत्येक प्रकाशपातळीसमोर तीन आकडे दिलेले असतात: एक दिवस चालण्याइतकी वीज साठायला लागणारा वेळ, पूर्ण रिकामे झालेले घड्याळ पुन्हा नीट चालू लागायला लागणारा वेळ आणि सेल पूर्ण भरायला लागणारा वेळ. विक्रेते पहिला आकडा हौसेने सांगतात. समारंभाच्या घड्याळासाठी मात्र माझ्या दृष्टीने दुसरा आकडा महत्त्वाचा आहे.

याला जोडूनच एक सावधगिरी सांगून ठेवतो. लवकर भरावे म्हणून घड्याळ प्रखर दिव्याच्या अगदी जवळ किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. साठ अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान गेले की आतले भाग बिघडण्याचा धोका असतो, आणि बंद गाडीत तेवढी उष्णता सहज साचते.

आता कॅलेंडरकडे वळतो, कारण खरी निवड इथेच होते. सर्वांत साधा प्रकार म्हणजे एका खिडकीतली तारीख. हे चक्र प्रत्येक महिना एकतीस दिवसांचा धरून चालते, त्यामुळे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपल्यावर, म्हणजे वर्षातून पाच वेळा, तारीख हाताने पुढे सरकवावी लागते. त्यापुढचा प्रकार वार आणि तारीख असा जोडीचा. याच्या वाराच्या चकतीवर बहुधा दोन भाषांतली नावे छापलेली असतात आणि आपल्याला हवी ती भाषा बाजूच्या चावीने निवडता येते. रविवार पुष्कळदा लाल रंगात असतो, जो काळ्या सुटावर काहींना खटकतो. यांतल्या पुष्कळशा घड्याळांतले तारखेचे दाते रात्री नऊच्या सुमारास गुंतू लागतात आणि पहाटे चारच्या सुमारास मोकळे होतात, त्यामुळे त्या वेळेत तारीख झटपट बदलण्याचा प्रयत्न करू नये. काटे आधी सहाच्या आसपास आणावेत, तारीख लावावी आणि मग खरी वेळ लावावी, ही जुन्या घड्याळजींची रीत सौर घड्याळालाही तितकीच लागू आहे.

सर्वांत मोहात पाडणारा प्रकार म्हणजे पर्पेच्युअल कॅलेंडर. तीस-एकतीसचे महिने आणि लीप वर्षाचा फेब्रुवारी, सगळे काही घड्याळ स्वतःच सांभाळते. ग्रेगरियन पंचांगाची १५८२ मध्ये झालेली दुरुस्ती अशी, की शतकाच्या वर्षाला चारशेने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष. म्हणून २००० हे लीप वर्ष होते आणि २१०० नसेल. बहुतेक क्वार्ट्झ पर्पेच्युअल घड्याळांचा हिशेब त्यामुळेच २८ फेब्रुवारी २१०० पर्यंतचा असतो, आणि आज घड्याळ घेणाऱ्याची त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. यांत्रिक घड्याळात हेच काम दात्यांच्या आणि तरफांच्या अत्यंत गुंतागुंतीच्या जुळणीने होते आणि त्याची किंमतही तशीच असते. सौर क्वार्ट्झमध्ये ते एका चिपमधल्या गणिताने होते. याला कोणी कमअस्सल म्हणो, मला तरी यात गैर काही दिसत नाही.

या प्रकारातली एक गंमत प्रत्यक्ष पाहण्यासारखी आहे. साध्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्री तारखेची चकती एकदम १ वर उडी मारत नाही, कारण चकतीवर २९, ३० आणि ३१ छापलेले असतातच. खिडकीत २९ सरकत येतो, मग ३०, मग ३१, आणि अखेर १ येऊन थांबतो. काट्यांशी संबंध नसलेली वेगळी मोटर हे काम करते. महिना आणि वर्ष यांसाठी मात्र अशा अनेक घड्याळांत तबकडीवर खिडकीच नसते. सिटिझनच्या काही घड्याळांत ही माहिती सेकंदकाटाच सांगतो. चावी ओढली की तो फिरून एका जागी थांबतो. एक आणि दोन या तासखुणांच्या मधला पट्टा जानेवारीचा, त्यापुढचा फेब्रुवारीचा, आणि त्या पट्ट्यात काटा कितव्या मिनिटखुणेवर आहे यावरून लीप वर्षाला किती वर्षे झाली ते कळते. तासखुणेवरच असेल तर चालू वर्ष लीप वर्ष. ही योजना हुशारीची आहे आणि तबकडी स्वच्छ राहते, हा तिचा मोठा गुण. पण पुस्तिका हाती नसताना महिना लावायची वेळ आली, तर ती कोणालाही चक्रावून टाकील.

आणि ती वेळ येते केव्हा, तर सेल पूर्ण उतरल्यावर. पूर्ण भरलेला सेल साध्या सौर घड्याळाला अंधारात साधारण सहा महिने पुरतो, काहींना दहा महिनेही पुरतो. काही घड्याळांत वीज वाचवण्याची सोय असते: बराच काळ प्रकाश मिळाला नाही की काटे थांबतात, पण आतला हिशेब चालू राहतो, आणि उजेड दिसताच काटे भराभर फिरून खऱ्या वेळेवर येतात. अशी सोय असलेली काही घड्याळे दोन वर्षांहून अधिक काळही हिशेब सोडत नाहीत. पर्पेच्युअल कॅलेंडर हवे असेल आणि घड्याळ कपाटातच राहणार असेल, तर ही सोय आहे की नाही ते आधी पाहावे. नसेल तर पर्पेच्युअलच्या नादी लागू नये. सेल उतरत आल्याची सूचना घड्याळ स्वतः देते: सेकंदकाटा दर सेकंदाला एक घर पुढे जाण्याऐवजी दोन सेकंदांनी एकदम दोन घरे सरकू लागतो. मात्र डबीत बंद असलेल्या घड्याळाची ही सूचना पाहणार कोण?

अचूकतेचा विचार कॅलेंडरपेक्षा वेगळा आहे, तरी लोक दोन्हींची गल्लत करतात. सर्वसाधारण क्वार्ट्झ महिन्याला पंधरा सेकंदांपर्यंत मागेपुढे होऊ शकते, आणि पर्पेच्युअल कॅलेंडर असले म्हणून ती चूक कमी होत नाही. सिटिझनच्या वरच्या श्रेणीत वर्षाला पाच सेकंदांच्या आत राहणारी, प्रकाशावर चालणारी आणि पर्पेच्युअल कॅलेंडर असलेली घड्याळे आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला तोच सर्वांत देखणा मेळ आहे. रेडिओ संकेतांवरून वेळ जुळवणाऱ्या घड्याळांचे आकर्षण मोठे असले, तरी हे संकेत जपान, अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि चीन येथील मोजक्या केंद्रांवरून निघतात. त्यांच्या टप्प्याबाहेर राहणाऱ्याने त्या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. उपग्रहावरून वेळ घेणाऱ्या घड्याळांना ही अडचण नाही, पण ती अंगाने जाड असतात आणि बाहीत अडकतात.

जाडी हा औपचारिक घड्याळाचा प्राण आहे. सिटिझनने २०१६ मध्ये इको-ड्राइव्ह वन हे घड्याळ काढले, त्याचे यंत्र अवघे एक मिलिमीटर जाडीचे आणि संपूर्ण घड्याळ २.९८ मिलिमीटरचे होते. त्यात तारीख नव्हती. कॅलेंडरची प्रत्येक चकती थोडी थोडी जाडी वाढवतेच. नऊ मिलिमीटरच्या आतबाहेर असलेले घड्याळ बटण लावलेल्या बाहीतून सहज आत-बाहेर होते, अकरा-बारा झाले की ते कापडावर बसून राहते. वार, तारीख आणि चोवीस तास यांच्या तीन उपतबकड्या असलेली घड्याळे कॅलेंडरची हौस पुरेपूर भागवतात, परंतु मला ती औपचारिक वाटत नाहीत. एखाद्या सरकारी अर्जासारखी प्रत्येक रकाना भरलेली तबकडी समोर आली की वेळ शोधावी लागते. तारखेची एकच खिडकी, तीही शक्यतो सहाच्या जागी आणि तबकडीच्या रंगाच्या चकतीची, एवढे पुरेसे आहे. खिडकीवर भिंगाचा फुगवटा असेल तर ते घड्याळ मी बाजूला ठेवतो.

चंद्रकलेबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो. दोन अमावास्यांमधले सरासरी अंतर २९.५३ दिवसांचे असते आणि साधी चंद्रचकती ते साडेएकोणतीस धरते, त्यामुळे सुमारे पावणेतीन वर्षांनी एका दिवसाची चूक पडते. ती शोभेची गोष्ट आहे आणि शोभा म्हणून सुंदरच आहे.

तबकडीचा रंग हा सौर घड्याळात निव्वळ आवडीचा प्रश्न राहत नाही, कारण प्रकाश तिच्यातूनच आत जायचा असतो. पांढऱ्या किंवा हस्तिदंती तबकडीआडची गडद जांभळट पट्टी दिसू न देणे हे कौशल्याचे काम आहे, आणि स्वस्त घड्याळांत पांढरा रंग किंचित करडा दिसतो तो त्यामुळेच. घड्याळ हातात घेऊन दिव्याखाली तिरके धरावे. तबकडीवर पट्टीच्या विभागरेषा पुसटशा उमटताना दिसल्या, तर रोज दिसत राहतील. सिटिझनने काही घड्याळांत यासाठी वाशी हा जपानी हातकागद वापरला आहे, आणि त्याच्या तंतूंची बारीक पोत धातूच्या चकचकीतपणापेक्षा सुटाला अधिक शोभते. कार्तिए या फ्रेंच कंपनीने २०२१ मध्ये सौर टँक घड्याळासाठी वेगळीच युक्ती केली: तबकडीऐवजी रोमन आकड्यांनाच डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पाडून प्रकाश आत घेतला.

काच नीलमण्याची असावी, पट्टा साध्या चामड्याचा असावा, आणि घड्याळावरची तीस मीटर ही पाणी सोसण्याची खूण शिंतोड्यांपुरतीच समजावी.

घड्याळ फक्त समारंभापुरते निघणार असेल, तर माझा कौल साध्या तारखेच्या आणि दहा महिने तग धरणाऱ्या घड्याळाला आहे. रोज कार्यालयात बाहीखाली घातले जाणार असेल, तर पर्पेच्युअल घ्यावे आणि रात्री ते ड्रॉवरमध्ये न ठेवता खिडकीजवळच्या उघड्या फळीवर ठेवावे, म्हणजे सकाळचा उजेड त्याला मिळतो. पर्पेच्युअल घेताना विक्रेत्याला मूळ स्थिती दाखवायला सांगावे. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे चावी आणि बटणे वापरली की तिन्ही काटे बरोबर बारावर आणि तारीख १ वर यायला हवी. काटा एखादे घर मागेपुढे असेल किंवा १ हा आकडा खिडकीच्या मध्यभागी बसत नसेल, तर ते तिथेच जुळवून घ्यावे, कारण मूळ स्थिती चुकलेल्या घड्याळात चिपचा हिशेब बरोबर असूनही खिडकीत तारीख चुकीचीच दिसते.