नाशिकला बर्फ नाही, तरीही

"नाशिकला बर्फ पडत नाही, मग हिमस्खलनाचे वर्ग इथे कशासाठी घेता?" हा प्रश्न मला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास, म्हणजे हिमालयातल्या केदारकांठ्याच्या ट्रेकसाठी नावनोंदणी सुरू झाली की, हमखास ऐकावा लागतो. गेल्या आठवड्यात एका ताईंनी तो निराळ्या शब्दांत विचारला. त्यांचा मुलगा डिसेंबरमध्ये हिमालयात निघाला आहे आणि तिथला गाईड सगळे सांगेलच, अशी त्यांची समजूत आहे. ताई, तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडच्या गिर्यारोहकाला भीती कशाची वाटावी हे सह्याद्रीने शिकवलेले असते. हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या चढताना, किंवा हडबीच्या शेंडीच्या सुळक्याखाली उभे राहून वर पाहताना पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. बर्फात मात्र हीच जाण फसवते. इतक्या उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठत नाही, थोडाथोडा निसटत राहतो. थरच्या थर एकदम सुटून येतो तो मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावरून. घराचा साधा जिना 30 ते 35 अंशांचा असतो, म्हणजे ज्या उतारावरून आपण हातात चहाचा कप घेऊन उतरतो, जवळजवळ तोच उतार बर्फात जीवघेणा ठरू शकतो. म्हणून आमच्या वर्गाचा पहिला तास जिन्यावरच होतो. मोबाईलमधल्या कोनमापकाने जिना मोजायचा, मग पांडवलेण्यांच्या डोंगराचा उतार आधी नजरेने आणि नंतर यंत्राने मोजायचा. सह्याद्रीत घसाऱ्यावर वर्षानुवर्षे हिंडलेल्यांचेही अंदाज पहिल्या दिवशी बरेच चुकतात.

दुसरा धडा ताटाचा. ताटात साखर पसरून तिच्यावर शिळी, कडक भाकरी ठेवायची आणि ताट हळूहळू तिरके करायचे. सुरुवातीला काहीच हलत नाही, आणि मग एका क्षणी आख्खी भाकरी सटकते. डोंगरावरही घडते ते साधारण असेच. कडाक्याच्या थंडीत तळाशी साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे दाणे तयार होतात. वरून नवा बर्फ पडतो, वारा त्याला दाबून घट्ट करतो, आणि ही घट्ट लादी त्या दाण्यांवर नुसती टेकून राहते. माणसाच्या वजनाने खालचा थर एका जागी मोडला की ती मोड क्षणात दूरवर पसरते. कधी पायाखाली 'धप्प' असा बसका आवाज येतो, कधी पावलापासून लांबवर भेग धावत जाते. ही चिन्हे दिसली तर पुढचे पाऊल टाकायचे नाही. युरोप-अमेरिकेतील नोंदी सांगतात की, हौशी गिर्यारोहक आणि स्कीपटू ज्या हिमस्खलनांत मरण पावतात त्यांपैकी सुमारे 90 टक्के त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सुरू केलेली असतात. मात्र आपण उतारावर नाही म्हणून सुरक्षित आहोत असेही समजू नये, कारण सुटलेला बर्फ सपाटीवर दूरपर्यंत वाहत येतो. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथू ला खिंडीच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटकांचा मृत्यू झाला.

गाडले गेलेल्या माणसाला पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढले तर बहुतेक जण वाचतात, आणि अर्ध्या तासानंतर जगण्याची शक्यता फारच कमी उरते. सियाचिनमध्ये 2016 साली लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण त्या अपवादावर विसंबून कोणी घराबाहेर पडू नये. पंधरा मिनिटांत कोणतेही बचावपथक पोहोचत नसते. शोधायचे आणि खणायचे ते सोबत चालणाऱ्यांनीच. त्यासाठी तीन वस्तू लागतात: 457 किलोहर्ट्झवर संदेश देणारा आणि घेणारा बीकन, म्हणजे अंगावर बांधायचे छोटे रेडिओयंत्र, बर्फात खुपसून माणूस चाचपायची घडीची लांब सळई आणि फावडे. या तिन्हींचा सराव करायला बर्फ लागतच नाही. वर्गणी काढून घेतलेले दोन बीकन आमच्याकडे आहेत. त्यांतला एक डब्यात घालून बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात पुरतो आणि घड्याळ लावतो. बीकन लवकर सापडतो; वेळ जातो तो खणण्यात. सळई लागली तिथेच ती रोवून ठेवून, उताराच्या खालच्या बाजूने खणत आत जायचे असते, पण घाबरलेला माणूस नेमका वरूनच खणू लागतो. प्रत्यक्षातला थांबलेला बर्फ तर काँक्रीटसारखा घट्ट बसतो.

आता गाईडविषयी. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही नाशिकचे अकरा जण हिमाचलातील एका खिंडीच्या ट्रेकवर होतो. आदल्या रात्री ताजा बर्फ पडला होता आणि स्थानिक वाटाड्या म्हणाला, एक दिवस थांबू. ते जमत नसेल तर निदान पहाटे अंधारातच, बर्फ घट्ट असतानाच निघू. आम्हाला परतीची गाडी गाठायची होती, म्हणून थांबणे नाकारले, आणि आवराआवर करता करता निघायला नऊ वाजले. अकराच्या उन्हात तो उतार आम्ही एकामागे एक, जवळजवळ चिकटून ओलांडला. खरे तर एकाने पार व्हावे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून पाहावे, असा नियम आहे. आम्ही पलीकडे टेकलो आणि शेजारच्या उताराचा ओला बर्फ गडगडत खाली गेला. कोणालाही इजा झाली नाही. वाटाड्या आमच्याकडे पाहून काहीच बोलला नाही, आणि ते मला अजून बोचते. त्याने सांगायचे ते सांगितले होते; अडचण आमच्या तिकिटाची होती, आणि ते तिकीट आम्ही दोन महिन्यांपूर्वी नाशिकमध्ये बसून काढले होते.

म्हणून हे वर्ग इथे. बर्फाचे थर प्रत्यक्ष वाचणे, दोराने बांधून बर्फावर चालणे हे इथे शिकवता येत नाही; त्यासाठी उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट गाठावी लागते. तेवढ्याने निर्धास्त होता येते असेही नाही: ऑक्टोबर 2022 मध्ये द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर याच उत्तरकाशीच्या संस्थेची प्रशिक्षणाची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि 27 जणांचे मृतदेह हाती आले.

ताई, तुमच्या मुलाला एवढेच विचारा की परतीच्या तिकिटाआधी त्याने राखीव दिवस किती ठेवले आहेत. उत्तर 'एकही नाही' असे आले, तर तारीख बदलायला अजून वेळ आहे.