बीपी ११०/७०, तरीही शॉक

जुलैत गडचिरोली जिल्ह्यात कोरची-कुरखेड्याकडे भाताची रोवणी जोरात असते, आणि त्या दिवसांत पाय सुजले म्हणून कोणी दवाखान्यात येत नाही. दिवसभर चिखलात वाकून उभं राहिलं की पाय सुजायचेच. फिट येऊन आमच्याकडे आणलेल्या एका गरोदर बाईच्या सासूनेही तेच सांगितलं, "रोवणीत पाय सुजतेच ना जी. काल रातच्यापासून डोकसं दुखते म्हने, सकाळी उलटी झाली. पित्त असंन म्हटलं."

रोवणीची सूज रात्री पाय वर घेऊन झोपलं की सकाळपर्यंत बरीच उतरते. हिची सकाळीच चेहऱ्यावर होती आणि हाताची चुडी निघत नव्हती. त्यात डोकेदुखी, उलटी आणि छातीखाली दुखणं. ही खूण पित्ताची नाही, गरोदरपणातल्या बीपीची आहे.

पहिलटकरीण, वय १९, नववा महिना नुकताच लागलेला. कार्डावर शेवटचं बीपी १३८/८८. हा आकडा १४०/९० च्या आत असल्याने कोणाच्या डोळ्यावर येत नाही. पण तिसऱ्या महिन्यातली नोंद १००/६० होती. एवढी वाढ दिसली की आकडा हद्दीत असला तरी लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) पट्टीने त्याच दिवशी बघायचं आणि बीपी आठवड्याच्या आत पुन्हा मोजायचं. कार्डावर अल्ब्युमिनच्या रकान्यात रेघ मारलेली होती. पट्ट्या संपल्या असाव्यात.

संध्याकाळी साडेसातला तिला आणलं. एक फिट घरी आली होती, दुसरी गाडीत, तिसरी आमच्या दारात. दातांत कोणीतरी चमचा घातला होता आणि जीभ त्यानेच फाटली होती. फिट चालू असताना तोंडात काहीही घालायचं नसतं. डाव्या कुशीवर वळवायचं, तोंडातला फेस सक्शनने काढायचा, मास्कने ऑक्सिजन द्यायचा, ती खाटेवरून पडणार नाही एवढं बघायचं. फिट साधारण मिनिट-दीड मिनिटात आपसूक थांबते. त्या वेळात सुई शोधत बसण्यापेक्षा मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट, फिट पुन्हा येऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन) भरून घ्यावं.

मॅगसल्फच्या हिशेबात घाईत गोंधळ होतो, म्हणून तो भिंतीवर लिहिलेला बरा. आपल्याकडची अँप्यूल ५० टक्क्यांची, २ मिलीची, म्हणजे एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅम: ४ अँप्यूल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली सलाइन घालून २० मिली करायचं आणि घड्याळ बघत पाच मिनिटांत द्यायचं. लगेच दोन्ही कुल्ल्यांत खोल ५-५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी ५ अँप्यूल, दुखणं कमी व्हावं म्हणून १ मिली लिग्नोकेन मिसळून. एकूण १४ अँप्यूल. न पातळ करता शिरेत ढकललं तर श्वास थांबू शकतो. म्हणून त्याच ट्रेमध्ये त्यावरचा उतारा, १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची अँप्यूल हवीच. उपकेंद्रात शिरेतून द्यायची सोय नसेल तर कुल्ल्यांतले १० ग्रॅम देऊन मगच गाडीत घालावं.

बीपी १८४/१२२. बीपी उतरवायला लॅबेटेलॉल २० मिग्रॅ शिरेतून, दहा मिनिटांनी ४० मिग्रॅ. १५२/९८ वर आलं तिथे थांबलो. १२०/८० करायचा हट्ट इथे नको. दाब एकदम उतरला की वारेचा रक्तपुरवठा तुटतो आणि बाळाचे ठोके पडतात. लघवीची नळी (फोले) घातली, लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस. हिमोग्लोबिन ८.४. सिकलसेल निगेटिव्ह, या पट्ट्यात ते विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, मोजायची सोय रात्री नव्हती. म्हणून कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन मुठीत धरलं आणि चौथ्या मिनिटापासून दर मिनिटाला नळी कलती करून बघितली. सात मिनिटांत घट्ट गाठ धरली नाही किंवा धरलेली गाठ सहज मोडली, तर रक्त गोठण्यात बिघाड आहे असं धरायचं. हिचं सहाव्या मिनिटाला गोठलं. म्हणजे ठीक, पण काठावर.

आतून तपासलं तर गर्भपिशवीचं तोंड ७ सेंमी उघडलेलं, पाणमोट फुटलेली, पाणी स्वच्छ. गडचिरोली शंभर किलोमीटरच्या पलीकडे, पावसात तीन तास. इतक्या पुढे गेलेल्या बाळंतिणीला त्या रस्त्यावर घालणं म्हणजे फिट आणि बाळंतपण दोन्ही गाडीत होऊ देणं. तोंड ३ सेंमी असतं तर औषधं देऊन तेव्हाच पाठवली असती. इथे ठेवायचं ठरलं. १०८ ला कळवून ठेवलं आणि रक्त साठवण केंद्रातल्या तिच्या गटाच्या दोन पिशव्या जुळवायला घेतल्या.

दहाच्या सुमारास तोंड पूर्ण उघडलं. अशा बाईला जोर करायला लावायचा नाही, जोराबरोबर बीपी चढतं. डोकं खाली होतं, व्हॅक्युम लावला, कळेबरोबर दोन ओढींत बाळ आलं. मुलगी, २ किलो १०० ग्रॅम, अंगाने ढिली. आईला मॅगसल्फ दिलेलं असलं की बाळ असं येऊ शकतं, त्यामुळे अंबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आधीच तपासून ठेवलेला असावा. मिनिटभर अंबूने श्वास दिल्यावर ती रडली.

ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत दिलं, वार पूर्ण आली, पण पिशवी मऊच राहिली आणि रक्त थांबेना. मॅगसल्फ पिशवीच्याही स्नायूला सैल करतं, हे बाळंतपणाआधीच मनात धरून चालावं लागतं. सिस्टरांचा हात सवयीने पिशवी आवळणाऱ्या मेथर्जिनच्या इंजेक्शनकडे गेला. बीपी वाढलेल्या बाईला मेथर्जिन द्यायचं नाही. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. फ्रिजमध्ये ते ऑक्सिटोसिनला खेटून ठेवलेलं असतं, त्यामुळे ही चूक कोणाच्याही हातून होण्यासारखी. मग ५०० मिली रिंगर लॅक्टेटमध्ये २० युनिट ऑक्सिटोसिन, दमा नाही हे नातेवाइकांना विचारून कार्बोप्रोस्ट २५० मायक्रोग्रॅम स्नायूत, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून. मिझोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम गुदद्वारातून; एरवी जिभेखाली देतो, पण अर्धवट शुद्धीतल्या बाईच्या तोंडात गोळी ठेवली तर ती श्वासनळीत जायची. एक मूठ योनीत, दुसरा हात पोटावरून, मधे पिशवी दाबून धरलेली.

तेवढ्यात बीपी ११०/७० आलं आणि शिकाऊ सिस्टर म्हणाली, "मॅडम, बीपी नॉर्मल झालं." नाडी १२८ होती. नाडीला वरच्या बीपीने भागलं तर १.१६ येतं, ०.९ च्या वर गेलं की शॉक धरायचा, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं झालंय असं समजायचं. काही तासांपूर्वी १८४ असलेल्या बाईचं ११० म्हणजे नॉर्मल नाही, रक्त गेलेलं आहे. या बायकांच्या शरीरात सूज भरपूर असली तरी रक्तवाहिन्यांत पाणी कमीच असतं, म्हणून थोडा रक्तस्रावही त्यांना जड जातो. टॉवेल आणि मॉप वजन करून आलेला आकडा साडेनऊशे मिली. नजरेने मी सहाशे म्हटलं असतं.

खरी पंचाईत इथून होती. रक्तस्रावात सलाइन सोडायचं असतं आणि फिटच्या बाईला पाणी आवरायचं असतं, नाहीतर फुप्फुसात पाणी भरतं. दोन्ही पुस्तकांतलं बरोबर, पण बाई एकच. आम्ही सलाइन एक लिटरच्या पुढे नेलं नाही. गेलेल्याची भरपाई रक्तानेच केली. कंडोम फोलेच्या टोकावर दोऱ्याने घट्ट बांधून पिशवीत सरकवला आणि सलाइन भरत गेलो. ३५० मिलीला स्राव थांबला. फुगा घसरू नये म्हणून योनीत गॉजचे दोन रोल. रक्त थांबल्यावर सगळं मिळून तासाला ८० मिली, ऑक्सिटोसिनचं सलाइन धरून. २० थेंबांचा १ मिली देणाऱ्या सेटवर ते मिनिटाला २७ थेंब होतात. दर अर्ध्या तासाने पाठीवरून फुप्फुसांच्या तळाचा आवाज, ऑक्सिजनचं प्रमाण, नाडी, आणि अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं फ्युरोसेमाइड हाताशी.

पावणेबाराला मॅगसल्फच्या पुढच्या ५ ग्रॅमची वेळ झाली. गुडघ्याला हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली तर नाही ना, आणि चार तासांत लघवी निदान १०० मिली झाली का, हे बघूनच डोस द्यायचा. पाय उडत होता, श्वास १८ होता, पण लघवी फक्त ८५ मिली. मॅगसल्फ बाहेर पडतं ते मूत्रपिंडातून. तिथली वाट अडली की रक्तात साठत जातं. डोस थांबवला. थांबवलं तर फिट येईल ही भीती असते, पण साठलेलं औषध कुल्ल्यातून काढून घेता येत नाही. दुसरी रक्ताची पिशवी संपल्यावर लघवी तासाला ४५ मिलीवर आली आणि एक वाजता डोस दिला.

पहाटे नाडी ९६, बीपी १४६/९४. फुगा आत ठेवूनच तिला १०८ ने गडचिरोलीला पाठवलं, सोबत सिस्टर आणि भरलेली मॅगसल्फची सिरिंज. बाळ कांगारू पद्धतीने मावशीच्या छातीशी. चिठ्ठीवर मॅगसल्फच्या दोन्ही डोसांची वेळ, पुढचा पाच वाजता आणि तोही लघवी बघून, फुग्यात ३५० मिली, योनीत दोन रोल, मेथर्जिन नको. रोलचा आकडा ठळक लिहायचा, कारण तिथे काढणारा माणूस दुसरा असतो आणि आत राहिलेला गॉज आठवड्याने ताप होऊन समोर येतो.

प्लेटलेट तिथे ७८ हजार निघाले. फुगा दुसऱ्या दिवशी आधी निम्मा आणि मग पूर्ण रिकामा करून काढला. घरी सोडताना बीपीच्या निफेडिपिन गोळ्या दिल्या. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड बीपी मोजायला आशाताईंना सांगितलं आहे, कारण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते पुन्हा उसळतं. कार्डावर लाल पेनने पुढच्या खेपेचंही लिहून दिलं आहे: दिवस राहिले की लगेच नोंदणी, १२ व्या आठवड्यापासून रोज रात्री ॲस्पिरिन, कॅल्शियम दिवसातून दोनदा, आणि प्रत्येक भेटीत लघवीची पट्टी.