सेंट पँक्रास: घोडागाड्यांच्या वाटेवरची लॉबी

मुंबईचं व्हीटी पाहिलेल्या माणसाला लंडनचं सेंट पँक्रास स्टेशन परकं वाटत नाही. तसेच टोकदार मनोरे, तशाच कमानी, फक्त इथे थाट लाल विटांचा. स्टेशनच्या दर्शनी बाजूचं हॉटेल वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी उभारलं. ते उघडलं १८७३ मध्ये, व्हीटी पूर्ण झालं १८८८ मध्ये. जुन्या वास्तूचं हॉटेल करताना तिचा इतिहास आतल्या सजावटीत कसा उतरवतात, हे मला अगदी जवळून बघायचं होतं, म्हणून मी मुद्दाम इथेच उतरले.

लॉबीत शिरताच मान वर गेली. डोक्यावर लोखंड आणि काचेचं छत, आणि दोन्हीकडे उघड्या विटांच्या भिंती, इमारतीच्या बाहेरून दिसाव्यात तशा. एकेकाळी इथून घोडागाड्या प्रवाशांना आणून सोडायच्या. त्या वाटेचीच आता लॉबी झाली आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पाहुणा जिथे उतरायचा, तिथेच आजही तो बॅग टेकवतो. घोडागाडीचं एखादं चित्र टांगणं सोपं होतं. इथे जागेचं मूळ काम ओळखून त्याच्या शेजारचंच काम तिला दिलं आहे, आणि मला हीच खरी रचना वाटते.

पुढे जुनं तिकीटघर. आता तिथे बार आहे. उंच खिडक्या, लाकडी कोरीवकाम, लांबलचक काउंटर. तिकिटासाठी माणसं उभी राहायची तिथे आता पेल्यांसाठी उभी असतात, आणि दाराबाहेर गाड्या अजूनही सुटतात. अलीकडच्या नूतनीकरणात इथे ताडाच्या झाडांसारखे उंच दिवे आले. व्हिक्टोरियन काळातल्या काचघरातल्या बागांची ती आठवण. दिवे सुंदर आहेत, पण ते त्या काळाची आठवण देतात, या खोलीची नाही. काउंटर मात्र याच खोलीची. माझी नजर पुन:पुन्हा त्याच्याकडेच वळत होती.

आणि तो जिना! दोन बाजूंनी वर चढणारा, लाल भिंतींवर सोनेरी फुलांची नक्षी, वर निळ्या छतावर तारे. मी बराच वेळ पायऱ्यांच्या खालची बाजू बघत उभी होते. तिथल्या लोखंडी तुळया स्कॉट यांनी झाकल्या नाहीत, उघड्या ठेवून सजवल्या. इतक्या राजेशाही जिन्यात रेल्वेच्या युगाचं लोखंड असं ताठ मानेनं दिसतं, हे मला फार आवडलं.

या वैभवाला एक दुखरी बाजू आहे. तीनशेच्या आसपास खोल्या, पण स्नानगृहं मोजकीच. आग पसरू नये म्हणून मजले जाड काँक्रीटचे केले होते, त्यामुळे नंतर नळ आणि सांडपाण्याची व्यवस्था घालणं फार अवघड होतं. खोलीला लागून न्हाणीघर हवं, असं पाहुण्यांना वाटू लागलं तेव्हा हॉटेल मागे पडलं आणि १९३५ मध्ये बंद झालं. मग तिथे रेल्वेची कार्यालयं आली. साठच्या दशकात इमारत पाडायचं घाटत होतं. कवी जॉन बेट्जमन आणि इतर अनेकांनी तिची बाजू लावून धरली, आणि १९६७ मध्ये तिला सर्वोच्च दर्जाचं संरक्षण मिळालं. हॉटेल म्हणून ती पुन्हा उघडली २०११ मध्ये.

नव्यानं काम करणाऱ्यांनी स्नानगृहांच्या त्या अडचणीतून काढलेली वाट मला फार समंजस वाटली. जुन्या भागात मोजके ३८ सुइट ठेवले, बाकीच्या खोल्या मागे बांधलेल्या नव्या विंगमध्ये. जुन्या भिंतींकडून झेपेल तेवढंच मागितलं. काही वारसा हॉटेलांत प्रत्येक दालनात स्नानगृह कोंबण्याच्या हट्टापायी छतावरची नक्षी मधोमध कापलेली मी पाहिली आहे. ते बघताना जीव तुटतो.

युरोस्टार रेल्वेनं पॅरिसला जाणार असाल तर चेक-इनच्या वेळेच्या तास-दीड तास आधी पोहोचा. तिकीटघराच्या बारमध्ये थेट स्टेशनच्या वरच्या मजल्यावरून शिरता येतं, त्यासाठी तिथे मुक्काम लागत नाही. जिना बघायचा असेल तर हॉटेलच्या लोकांना आधी विचारून घ्या. स्टेशनात वर बेट्जमन यांचा पुतळा आहे, टोपी सावरत अभियंते बार्लो यांनी रचलेल्या स्टेशनच्या छताकडे बघणारा. ते छत १८६८ चं, ७३ मीटर रुंदीचं, मधे एकही खांब नाही. त्याच्यासाठी वेगळा वेळ काढा.