आमची वाटचाल: दारातलं धोतर

नाशिकच्या तांबट लेनमध्ये आमच्या आबांचं दुकान होतं. दुकान म्हणजे वाड्याची पुढची खोली. पूर्वेला दार, मधोमध ऐरण, भिंतीला टेकवलेले हंडे नि घंगाळं. शाळेला सुट्टी लागली की माझा मुक्काम तिथेच. आबा हातोडीनं भांडं मठारायला बसले की ठोक्यांपुढे कुणाला बोलता यायचं नाही. ठोके थांबले की समजायचं, आता भांडं तपासणार.

ते हंडा दोन्ही हातांत धरून दाराकडे करायचे आणि हळूहळू फिरवायचे. काय बघता म्हणून एकदा विचारलं. म्हणाले, "भांड्याकडं नको बघू, त्याच्यावरचा उजेड बघ. उजेड जिथं अडखळला, तिथं माझा हात चुकलाय." मग मलाही दिसलं. दाराच्या उजेडाचा पट्टा हंड्यावरून सरळ उतरत होता आणि पोटाजवळ एका जागी किंचित मोडत होता. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन.

सकाळचं ऊन थेट आत आलं की मात्र काही उमगायचं नाही, डोळे दिपायचे. मग आबा दोरीवरचं धोतर ओढून दाराच्या दोन खिळ्यांना अडकवायचे आणि सगळी खोली दुधाळ होऊन जायची. धोतराला काजळीचे हात लागले म्हणून आजी रोज कावायची.

२०११ साली मी फोटोचं दुकान काढायचं ठरवलं. वडिलांना पटत नव्हतं. फोटोवर पोट भरतं का, हा त्यांचा प्रश्न. आबांनी माझी बाजू घेतली. "आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी सिनेमाच्या आधी गोध्र्याला फोटोचंच दुकान टाकलं होतं," म्हणाले. दादासाहेब फाळक्यांचा त्यांना फार अभिमान. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, आणि त्यानंतर फाळके नाशिकला आले, हे आबा घरातलीच गोष्ट असल्यासारखं सांगायचे. आईची भिशी लागली, त्यात जुना कॅमेरा घेतला. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे, लग्नं. पहिली दोन वर्षं अशीच गेली.

२०१३मध्ये आबा गेले. तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता आणि माझ्याकडे त्यांचा एक धड फोटो निघाला नाही. दोन वर्षांत मी परक्या माणसांचे हजारो फोटो काढले होते. शेवटी चुलतभावाच्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून घेतला. जिथे काम दिलं त्यांनी तो निळ्या पडद्यावर बसवला आणि खाली कोट जोडला. आबांनी जन्मात कोट घातला नव्हता. वर्षभर तो फोटो भिंतीवर होता, आणि त्याच्याकडे बघून मला आबा आठवत नव्हते. ही बोच आजही गेलेली नाही. पुढे आम्ही जे काही केलं, त्यातलं बरंच त्या बोचेतून आलं.

२०१६मध्ये एका भांडीवाल्यांनी विचारलं, "ताई, ऑनलाइन विकायचीत, चाळीस नगांचे फोटो द्याल का?" मी हो म्हणाले, आणि ते सगळे फोटो परत आले. तांबं काळं दिसत होतं, फ्लॅशचा पांढरा भपका प्रत्येक कळशीच्या पोटावर, आणि नीट पाहिलं तर त्यात कॅमेरा धरलेली मी. चकचकीत धातू म्हणजे आरसा. त्याच्यावर कितीही उजेड मारा, तो समोर जे असेल तेच दाखवतो. समोर अंधारं दुकान असेल तर भांडंही अंधारं.

त्या रात्री मला दारातलं धोतर आठवलं. आजीनं आबांची दोन धोतरं ट्रंकेत जपून ठेवली होती, ती मागून आणली. बांबूच्या चौकटीवर तंबूसारखी ताणली, आत कळशी ठेवली, दिवे बाहेरून लावले. भपका गेला. पण कळशी आता सपाट दिसायला लागली, कागदातून कापल्यासारखी. कड कुठे संपते नि मागचं पांढरं कुठे सुरू होतं ते कळेना. दोन दिवस त्यातच गेले. मग डोळे मिटून आबांच्या हातातला हंडा आठवून बघितला. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक काळी रेघ असायची. ती दाराची चौकट होती! जुनं सागवान, तेल पिऊन काळं झालेलं, ते हंड्यात उतरायचं. मी काळ्या कार्डाच्या दोन पट्ट्या कापून तंबूत डाव्या-उजव्या बाजूला उभ्या केल्या, आणि कळशीला पोट आलं. तिचा गोलवा हातात धरावा असा.

बाकीच्या गोष्टी कामातून समजत गेल्या. भांडं चिंच-मिठानं घासून लगेच कोरडं करायचं, नाहीतर डाग धरतं. सुती हातमोजे घालूनच उचलायचं, कारण घामाच्या बोटांचे ठसे काही तासांत तांब्यावर उमटतात. ट्यूबलाइट बंद ठेवायची, दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की पितळ हिरवट दिसतं. कॅमेरा स्टँडवर, आयएसओ (उजेड टिपण्याची क्षमता) कमी, म्हणजे १००, आणि भिंगाचं छिद्र लहान, म्हणजे एफ ११. त्याच भांडीवाल्यांनी दुसऱ्या खेपेला नव्वद नग पाठवले. २०२०च्या टाळेबंदीत लग्नाची कामं थांबली. बाजार उघडल्यावर आधी आली ती भांडीच, आणि त्यावरच आमच्या तिघांचे पगार निघाले.

माणसांकडे वळलो ते त्यानंतर. आता घरोघरच्या आजी-आजोबांचे फोटो काढणं हे आमचं मला सगळ्यांत आवडणारं काम. बोलावणं आलं की आधी मी नातवंडांना फोन करते आणि एकच विचारते: आजोबा म्हटलं की पहिल्यांदा काय दिसतं? आजवर एकानंही चेहरा सांगितलेला नाही. नाशिकरोडच्या एका मुलीचे आजोबा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. ती म्हणाली, घरात दहाची नोट आली तरी ते तिचे कान सरळ करतात, सगळ्या नोटा एका तोंडानं लावतात, अंगठा फिरवतात आणि मगच पाकिटात ठेवतात. आम्ही तोच अंगठा घेतला, खिडकीच्या आडव्या उजेडात. आजोबा मागे धूसर. पंचवटीतल्या एका आजींच्या नातवाला आठवत होता वाती वळणारा तळहात. त्यांना खिडकीला पाठ करून बसवलं तेव्हा कापसाचा तंतू न् तंतू पेटल्यासारखा उजळला.

आणि एक मुलगा नुसता अडकित्ता घेऊन आला. आजी दोन वर्षांपूर्वी गेलेली, फोटो एकही बरा नाही. मी त्याला विचारलं, सुपारी कधी कातरायच्या? चार वाजता, चहानंतर, मागच्या ओट्यावर. मग आम्ही चारलाच त्याच्या घरी गेलो. ओट्यावर पितळी डबा उघडा ठेवला, शेजारी अडकित्ता, सुपारीची चार खांडं. ऊन ओट्याच्या कडेपर्यंत आलं होतं. तो माझ्या मागे उभा होता आणि म्हणाला, "ताई, डबा जरा डावीकडं. ती डावरी होती."

निळ्या पडद्यावर चेहरा चिकटवण्याचं काम आम्ही घेत नाही. त्याऐवजी काय करता येईल ते बसून बोलतो.

२०१९पासून स्टुडिओ आबांच्याच खोलीत आहे. ऐरण हलवलेली नाही, दाराचे दोन खिळेही तसेच. धोतरं विरली, आता दुहेरी मलमल लावतो. सकाळी ऊन दारात असतं तेव्हा मलमल लावून भांडी उरकतो. माणसांना अकरानंतर बोलावतो, त्या वेळी खोलीला पडदा लागत नाही.