उघडा फिल्टर आणि द्वारकेचा सिग्नल

मे महिन्यातली भर दुपार. नाशिकमधल्या अंबडच्या माझ्या गॅरेजवर कॉलेजचा एक मुलगा पेट्रोल हॅचबॅक घेऊन आला. "दादा, घरीच कोल्ड एअर इनटेक बनवून बसवलाय. पण गाडी ओढत नाही, आणि चेक इंजिनची लाइट काही जात नाही."

कोल्ड एअर इनटेक म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा देण्यासाठी केलेली पाइप-फिल्टरची जोडणी. बोनेट उघडलं. कंपनीचा एअर बॉक्स, म्हणजे एअर फिल्टरची बंद पेटी, काढून तिथे अ‍ॅल्युमिनियमचा जाड पाइप आणि टोकाला उघडा कोन फिल्टर. काम मात्र निगुतीनं केलेलं. पाइपाच्या कडा घासून गुळगुळीत, क्लॅम्प जागच्या जागी. असं हातानं काही करून बघणारी पोरं मला मनापासून आवडतात, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर जोडला आणि त्यालाच गाडी चालवायला सांगून द्वारका चौकापर्यंत निघालो.

बाहेर 39 अंश होते. द्वारका सर्कलच्या गर्दीत गाडी अडकली आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान चढत चढत 64 वर गेलं. फिल्टर रेडिएटरच्या मागेच होता. गाडी उभी राहिली की फॅन रेडिएटरमधली सगळी गरम हवा त्याच्यावरच फेकणार. हवा तापली की विरळ होते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 580 मीटर उंच, म्हणजे इथली हवा मुंबईपेक्षा आधीच सहा-सात टक्के विरळ. त्यात ही गरमी. पिकअप येणार कुठून?

लाइटचं कारण वेगळं होतं. कोड आला पी0171, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. फ्युएल ट्रिम, म्हणजे ही कमतरता भरून काढायला गाडीचा कंप्युटर (ईसीयू) पेट्रोलमध्ये करत असलेली दुरुस्ती, अधिक 18 ते 20 टक्के. गाडीला इंजिनात जाणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे. त्याची तापलेली तार वाऱ्यानं किती थंड होते, त्यावरून तो हवा मोजतो, आणि ते गणित त्याच्या मूळ नळीच्या व्यासावर बसवलेलं असतं. मुलानं सेन्सर नळीतून काढून नव्या पाइपात बसवला होता. मूळ नळी आतून 66 मिलिमीटर, पाइप 72. क्षेत्रफळ एकोणीस टक्के वाढलं, त्याच प्रमाणात वारा मंदावला, सेन्सरला हवा कमी दिसली आणि ईसीयूनं पेट्रोलही कमी सोडलं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मागून बोंबलत होता तेवढाच काय तो आधार. कॅल्क्युलेटरवर ट्रिमशी जुळणारा एकोणीस आकडा आला तेव्हा पोराचे डोळे चमकले.

गॅरेजवर आल्यावर आधी एमएएफ त्याच्या मूळ नळीत परत बसवला आणि नळी फिल्टर व पाइपाच्या मध्ये घेतली. वाल्व्ह कव्हरवरून येणारा ब्रीदर होज, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी, त्यानं मोकळा सोडला होता, तोही सेन्सर आणि इंजिनाच्या मध्ये पाइपाला जोडला. मग खरं काम. फिल्टर हेडलाइटमागच्या कोपऱ्यात सरकवला आणि त्याच्याभोवती पेटी करायला घेतली. आधी पुठ्ठ्याचा साचा. तो बॅटरीला, वायरिंगला अडत नाही ना, हे बघत कापत गेलो. साचा मनासारखा बसला तेव्हाच पत्रा कापला. पत्र्याचे बाक व्हाइसमध्ये दाबून घेतले, वरच्या कडेला दाराचं रबर बीडिंग लावलं. बोनेट बंद केल्यावर ते सगळीकडून दाबलं गेलं पाहिजे, म्हणून त्यावर खडू फासून बोनेट आपटलं. आतल्या बाजूला एका टोकाला खडू उमटलाच नाही. तेवढी कड पुन्हा उचलली. गार हवेसाठी कंपनीनं हेडलाइटमागे दिलेलं मूळ तोंडच पेटीला जोडलं. फिल्टर खाली बंपरमध्ये टाकायचा त्याचा हट्ट होता, तो मी ऐकला नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि फिल्टरनं पाणी ओढलं, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

संध्याकाळी पुन्हा द्वारका. ऊन उतरलं होतं, बाहेर 36. त्याच गर्दीत इंजिनात जाणाऱ्या हवेचा आकडा 46 वर थांबला. दुपारी बाहेरच्यापेक्षा 25 अंश जास्त, आता 10. फ्युएल ट्रिम तीन टक्क्यांच्या आत आली. उड्डाणपुलावर गाडी मोकळी सुटली तेव्हा तो म्हणाला, "दादा, आवाज कमी झाला, पण ओढतेय भारी."

नुसतं विचारायला आला असता, तर मी त्याला मूळ एअर बॉक्सच ठेवायला सांगितलं असतं. बहुतेक गाड्यांत तो बाहेरचीच हवा घेतो, आणि रोजच्या वापरात याहून फार काही हाती लागत नाही. जुना बॉक्स मी त्याच्या डिकीत ठेवायला लावला. मूळ रचनेतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधनं आहेत आणि वॉरंटीचाही प्रश्न येतो. "वडिलांना दाखवून त्यांच्याशी बोल, आणि पहिल्या पावसाआधी पेटीचा तळ बघायला गाडी घेऊन ये," एवढं सांगून त्याला पाठवलं.