दीपगृहांची वही, नोंद १४ : स्कागेनच्या वादळातले चार सेकंद

आधी आकडे. ज्यांना तेवढेच हवेत त्यांना खाली जायची गरज नाही.

करडं दीपगृह, स्कागेन, डेन्मार्क. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, शनिवार, रात्री आठ ते पावणेनऊ. वारा पश्चिमेचा, सोसाट्याचा. मधूनमधून पावसाच्या सरी. दहा फ्लॅशना लागलेला वेळ, पाच वेळा मोजून: ४०.१, ३९.८, ४०.०, ४०.३, ३९.९ सेकंद. म्हणजे दर चार सेकंदांनी एक पांढरा फ्लॅश. बत्त्यांच्या अधिकृत यादीतही चारच आहेत.

चौदा नोंदींत माझा आकडा यादीशी असा जुळण्याची ही पहिलीच वेळ. याचं श्रेय ताईचं आहे. आणि त्यामुळे आधीच्या बऱ्याच नोंदी आता मला दुरुस्त कराव्या लागणार आहेत, ते पुढे येईलच.

ताई दोन महिन्यांसाठी चिपळूणहून माझ्याकडे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला आली आहे. गोथेनबर्गहून फ्रेडरिक्सहाव्नला बोटीने साडेतीन तास लागतात, तिथून स्कागेनला छोटी रेल्वे जाते. शुक्रवार ते रविवार एवढीच सवड होती. हवामानखात्याने शनिवारसाठी वादळाचा इशारा दिला होता. मी ताईला म्हटलं, तुला नको असेल तर पुढच्या आठवड्यात जाऊ. ती म्हणाली, "बत्ती वादळातच बघायची असते रे. उन्हात काय बघायचंय तिला?" मग काय, निघालो.

नकाशात डेन्मार्कच्या जटलँड द्वीपकल्पाचं अगदी उत्तरेचं टोक बघा. वाळूची एक लांबच लांब जीभ ईशान्येला समुद्रात शिरलेली दिसेल, तो स्कागेनचा भूभाग. पश्चिमेचा समुद्र स्कागेराक, पूर्वेचा कॅटेगॅट. उत्तर समुद्रातून बाल्टिककडे जाणाऱ्या, कालव्याची वाट न धरणाऱ्या प्रत्येक जहाजाला या टोकाला वळसा घालावाच लागतो, आणि टोक तर पाण्याखालीही वाळूच्या दांड्यांनी पुढे गेलेलं. किती जहाजं रुतली असतील याची कल्पना करा. १८६२ च्या डिसेंबरात 'डॅफ्ने' नावाचं स्वीडिश जहाज इथे वाळूत रुतलं, तेव्हा त्यावरच्या लोकांना वाचवायला गेलेले गावातले आठ जण बुडाले. इथल्या बत्त्यांकडे बघताना ही आठ माणसं माझ्या मनातून जात नव्हती.

दीपगृहं बघून त्यांचे फ्लॅश मोजायच्या आपल्या छंदाच्या दृष्टीने स्कागेनसारखं दुसरं ठिकाण मी तरी पाहिलेलं नाही. समुद्राला उजेड दाखवायच्या जवळजवळ चारशे वर्षांच्या चार पद्धती इथे एका दिवसात, पायी फिरून बघता येतात.

सुरुवात त्याच्याही आधीची. १५६० च्या सुमारास डेन्मार्कचा राजा फ्रेडरिक दुसरा याने स्कागेन, आनहोल्ट आणि कुलेन अशा तीन ठिकाणी दिवे लावायचा हुकूम काढला. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ओरेसुंडच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून राजा जकात घ्यायचा. जहाजं सुखरूप पोचली तर जकात मिळणार, म्हणून दिवे. त्या पहिल्या दिव्यांचं आज इथे काही उरलेलं नाही. जे बघायला मिळतं ते १६२७ पासूनचं, म्हणजे झुलती बत्ती, डॅनिश भाषेत 'विपेफ्यूर'. आता उभी आहे ती अर्थातच नंतर बांधलेली प्रतिकृती.

तिच्यापाशी पोचलो आणि मी वही उघडायच्या आत ताई म्हणाली, "अरे, ही तर विहिरीवरची लाट!"

अगदी तीच. आमच्या आजोळी आगरात होती तशी. उभा खांब, त्यावर तोललेला लांबच लांब आडवा वासा, एका टोकाला वजन. फक्त दुसऱ्या टोकाला पाण्याच्या कोळंब्याऐवजी लोखंडी टोपली. टोपलीत दगडी कोळसा पेटवायचा आणि वासा झुकवून ती वर चढवायची. कोळसा घालायचा झाला की खाली आणायची, परत वर. रात्रभर. हे मी आधी वाचलं होतं, चित्रंही पाहिली होती, पण वासा इतका लांब असेल असं वाटलं नव्हतं. वाऱ्यात तो करकरत होता. अशा वाऱ्यात कोळसा किती भराभर जळत असेल, ठिणग्या कुठे उडत असतील आणि खालचा माणूस कुठल्या बाजूला उभा राहत असेल, याचाच विचार करत आम्ही दोघं बराच वेळ तिथे होतो. सेंट जॉनच्या सणाला, २३ जूनच्या संध्याकाळी, या टोपलीत अजूनही जाळ करतात. तेव्हा परत यायचं ठरवलंय.

तिथून पुढे पांढरं दीपगृह, १७४७ चं. वास्तुरचनाकार फिलिप दे लांगे, उंची २१ मीटर, आणि डेन्मार्कमधलं विटांनी बांधलेलं पहिलं दीपगृह. मनोऱ्याच्या माथ्यावर सुरुवातीला कोळशाचाच जाळ होता. म्हणजे आग तीच, फक्त वाशावरून उतरून मनोऱ्यावर गेली. आज ते विझलेलं आहे. मी बाहेरून एक स्केच केलं, पण वाऱ्याने पान इतकं फडफडत होतं की रेघा जाड आल्या. तसंच ठेवलंय.

करडं दीपगृह त्याहून पुढे, टोकाकडे. ते १ नोव्हेंबर १८५८ ला पेटलं. नील्स सिगफ्रेड नेबेलाँग यांचं काम, उंची ४६ मीटर. डेन्मार्कमध्ये याहून उंच एकच, बॉर्नहोम बेटावरचं दुओदे. २०१७ पासून आत स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची माहिती देणारं केंद्र आहे, त्यामुळे आत शिरता येतं, वरपर्यंत चढता येतं. पायऱ्या २१०. ताई तीनदा थांबली, मी दोनदा. जिन्याच्या खिडकीला कान लावला की वारा भिंतीवर घासत जाताना ऐकू येतो, आणि मनोरा मात्र हलत नाही. वर आल्यावर या जागेची खरी गोष्ट एका नजरेत समजते. पश्चिमेचा किनारा समुद्र खातो, ती वाळू प्रवाहाबरोबर उत्तरेला वाहत येते आणि टोकाला साचते. टोक अजून वाढतंच आहे. दीपगृहं जागच्या जागी राहतात आणि जमीन पुढे सरकते, म्हणून बत्तीलाही तिच्या मागून पुढे यावं लागलं.

दुपारी टोकावर गेलो. या टोकाचं नाव ग्रेनेन. उन्हाळ्यात ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीतून लोकांना नेतात, आम्ही चालत गेलो. वाळू गुडघ्याच्या उंचीवरून सरळ आडवी वाहत होती, जणू जमिनीवरून धूर चाललाय. ताईने ओढणी तोंडाला गुंडाळली. डावीकडे स्कागेराक पांढरा झालेला, रांगेमागून रांग फुटत होती. उजवीकडे, वाऱ्याच्या आडोशाला असल्यामुळे, कॅटेगॅट त्या मानाने शांत. आणि टोकाच्या पुढे दोन्हीकडच्या लाटा तिरक्या येऊन एकमेकींवर आदळत होत्या. जिथे भेट होते तिथे पाणी सरळ उभं वर उडतं आणि ती रेघ मागेपुढे सरकत राहते. इथे पाण्यात उतरायला बंदी आहे, प्रवाह माणसाला ओढून नेतो. आम्ही लांबच उभे राहिलो. कॅटेगॅटच्या बाजूला दोन सील वाळूवर पडून होते, त्यांना वाऱ्याचं काही नव्हतं.

इथे एक धडा, कॅमेरेवाल्यांसाठी. ट्रायपॉडच्या पायांचे सांधे वाळूने आवळले, एक पाय आता मिटतच नाही. स्टॉपवॉच मात्र प्लास्टिकच्या पिशवीत होतं म्हणून वाचलं. वाळूच्या किनाऱ्यावर वादळात जाताना सांध्यांना चिकटपट्टी गुंडाळून न्या.

आता रात्रीचं.

सूर्य सहाच्या सुमारास मावळला. आठपर्यंत गडद अंधार. गावाबाहेर गवताळ वाळूच्या टेकडीच्या आडोशाला जागा धरली, जिथून करडी बत्ती पूर्ण दिसत होती. सर आली की मनोरा नाहीसा व्हायचा, पण झोत दिसायचे. पावसाच्या थेंबांवर उजेड पडून पांढरे पट्टे डोक्यावरून चाकाच्या आऱ्यांसारखे फिरत होते. दिव्याभोवतीचं भिंग फिरतं तेव्हा त्याच्या प्रत्येक काचेच्या फळीतून एक झोत बाहेर पडतो आणि झोत डोळ्यासमोरून गेला की आपण त्याला फ्लॅश म्हणतो, हे आपल्याला पाठ असतं. त्या रात्री ते मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. कोरड्या रात्री फक्त ठिणगी दिसते, फिरणं दिसत नाही. पावसासाठी तरी वादळात या.

मी नेहमीसारखं मोजलं. फ्लॅश दिसला की बटण दाबायचं, एक, दोन, तीन, दहाव्याला थांबवायचं, दहाने भागायचं. ३६.१ आले. परत, ३५.९. म्हणजे ३.६ सेकंद. माझ्या बहुतेक नोंदी अशाच यादीपेक्षा कमी भरतात आणि मी दर वेळी शेऱ्यात लिहीत आलोय, 'बोटाचा उशीर'. या वेळीही तेच लिहायला घेतलं.

ताई टॉर्च धरून वहीत बघत होती. तिने तीस वर्षं चौथीच्या मुलांना गणित शिकवलंय. म्हणाली, "तू पहिल्या फ्लॅशला बटण दाबतोस, आणि त्यालाच एक म्हणतोस?"

"हो."

"कुंपणाला दहा खांब रोवले तर मधली अंतरं किती?"

मी गप्प झालो. नऊ. छत्तीस भागिले नऊ, चार.

"पहिल्याला शून्य म्हण," ती म्हणाली. "बोटाचा उशीर सुरुवातीलाही असतो आणि शेवटीही असतो, तो तिथल्या तिथे फिटतो."

मग ती मोठ्याने मोजायला लागली, वाऱ्यात ओरडूनच मोजावं लागत होतं, आणि मी बटण सांभाळलं. शून्य, एक, दोन. दहा म्हणाली की थांबवायचं. वर दिलेले पाच आकडे तसे आलेत. हात इतके गारठले होते की शेवटचा आकडा तिनेच लिहिला, त्यामुळे वहीत एक ओळ तिच्या अक्षरात आहे.

मला हे इथे सविस्तर लिहायचं होतं, कारण मागच्या नोंदी वाचून काही जणांनी माझीच पद्धत उचलली आहे. नोंद ५ ते १३ मधले कालावधी कृपया वापरू नका. फिरत्या बत्त्यांचे जे आकडे दहा फ्लॅशवरून काढलेत त्यांना दहाने गुणून नऊने भागा, बरोबर उत्तर येईल. पहिल्या चार नोंदी एकाच फ्लॅश-जोडीवरून केल्या होत्या, त्यांत ही चूक नाही. गटाने फ्लॅश देणाऱ्या बत्त्यांसाठी गटातला पहिला फ्लॅश ते पुढच्या गटातला पहिला फ्लॅश धरायचा, आणि तिथेही सुरुवात शून्यापासून.

रविवारी वारा उतरला. निघायच्या आधी वाळूत गाडलं गेलेलं चर्च बघितलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीचं, सेंट लॉरेन्सचं. झाडोरा तोडून, गुरं चारून वाळू मोकळी झाली आणि वाऱ्याबरोबर चर्चवर येऊन बसली. शेवटच्या काळात लोक प्रार्थनेला आले की आधी दारातली वाळू उपसावी लागायची. १७९५ मध्ये ते बंद केलं, पुढे बाकी इमारत पाडली, पण मनोरा ठेवला. पांढरा रंगवलेला, वाळूच्या टेकड्यांतून वर आलेला. ठेवला तो खलाशांसाठी, दिवसा समुद्रातून ओळखू येणारी खूण म्हणून. मी वहीत त्याला दीपगृह म्हणून धरलेलं नाही, पण वेगळं पान दिलंय. ताई त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभी होती.

राहिलं ते पश्चिमेचं दीपगृह, १९५६ चं, जुन्या स्कागेनच्या बाजूला. दिवसा पाहिलं, लांबून स्केच केलं. रात्री तिकडे जायचं होतं, पण शनिवारी साडेनऊनंतर पाऊस असा लागला की दहा पावलांवरचं दिसेना. त्यामुळे त्याचा कालावधी माझ्याकडे नाही आणि यादीतला मी इथे उतरवणार नाही. आधी स्वतः मोजायचं, मग यादी बघायची, हा वहीचा नियम आहे.

परतीची बोट वादळामुळे उशिरा, अंधार पडल्यावर सुटली. हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली होती. तासाभराने डेकवर गेलो तर उत्तर-वायव्येला, अगदी क्षितिजाला टेकून, एक बारीक पांढरी ठिणगी लागत-विझत होती. मनोरा नाही, किनारा नाही, नुसती ती. स्टॉपवॉच खाली बॅगेत राहिलं होतं. ताईने हातातल्या घड्याळाचा काटा बघितला आणि म्हणाली, "शून्य."

दहाला चाळीस सेकंद झाले. हे मोजमाप हातघड्याळाचं आहे, म्हणून सरासरीत घेतलेलं नाही, शेऱ्यात लिहिलंय.